ताडपत्रीखालचा माल

मेहकरला दिवाळी आणि तुळशीचं लग्न यांच्या मधल्या दिवसांत मंगल कार्यालय रिकामं असतं. लग्नसराई सुरू व्हायची असते, त्यामुळे मालक दोन दिवसांसाठी हॉल खुशीनं देतो. गेली नऊ-दहा वर्षं त्या दोन दिवसांत तिथं पटावरच्या खेळांचा मेळावा भरतो. सापशिडी, ल्युडो नव्हे. परदेशातून येतात ते भल्यामोठ्या खोक्यांतले खेळ, ज्यांत शंभर-दीडशे लाकडी सोंगट्या, पत्त्यांचे गठ्ठे, घडीचे नकाशे आणि वीस-वीस पानांची नियमांची पुस्तकं असतात. हे खूळ आमच्या गावात आमच्या ह्यांनी आणलं.

हे एसटीत कंडक्टर होते आणि मी झेडपीच्या शाळेत बाई. मुलगा पुण्याला नोकरीला. हे निवृत्त झाले त्या वर्षी मुलानं ह्यांना पुण्यातल्या असल्या एका मोठ्या मेळाव्याला नेलं, करमणूक म्हणून. परत आले ते हातात एक खोकं घेऊन आणि डोळ्यांत वेगळंच तेज घेऊन. "अवं, तिथं कोनी कोनाले वळखत नाही," मला सांगू लागले, "पन टेबलापाशी जाऊन उभं राह्यलं की खुर्ची सरकवते अन् म्हनते, बसा काका, आम्ही शिकवतो." मी म्हटलं, साठी आली, आता खेळणी घेऊन बसा. माझ्या जिभेला हाड नाही, हे माहेरीही सांगायचे आणि सासरीही.

तर पुढच्या दिवाळीत ह्यांनी मेळावा भरवला. पहिल्या वर्षी बावीस माणसं आली, त्यातली नऊ आमच्या नात्यातली. मग वाढत गेली. लोणारहून यायची, साखरखेर्ड्याहून यायची, बुलडाण्याहून दोन मोटारसायकली भरून कॉलेजची पोरं यायची. खोकी मात्र मोजकीच होती आणि महाग. कोणी उचलून नेऊ नये म्हणून ह्यांनी नियम केला की खोकं हवं असेल तर डाव्या पायातली चप्पल टेबलाखाली जमा करायची. उजवी पायात ठेवा नाहीतर दाराशी, तुमची मर्जी. त्यामुळे दोन दिवस अर्धा हॉल एका चपलेवर लंगडत चहाला जायचा. एकदा एक वकीलसाहेब तसेच घरी गेले, खोकं परत न करता, आणि संध्याकाळी एका चपलेनं परत आले.

लोकांना वाटतं अशा मेळाव्यात माणसं दिवसभर खेळत असतात. तसं काही नाही. खेळण्यापेक्षा खेळायची तयारी जास्त. तास तास सोंगट्या रंगाप्रमाणे वेगळ्या करण्यात जातो. मग कोणाचा एक ठोकळा सापडत नाही, म्हणून सगळे सतरंजीवर वाकतात. मग पोहे येतात. ज्यांना टेबल मिळालेलं नाही ते स्टेजवर नवरा-नवरीच्या मखमली खुर्च्यांत बसून वाट बघतात, आणि खालून कोणीतरी त्यांच्यावर तांदूळ टाकल्यासारखं करतं. दुपारी निम्मे लोक गाद्यांवर आडवे होतात. लोणारचा एक गृहस्थ दरवर्षी येतो आणि एकही डाव खेळत नाही. टेबलाटेबलांमागे हात बांधून उभा राहतो आणि दुसऱ्याच्या चुकीला हळहळतो. आणि भांडणं. नियमांवरून भांडणं तर इतकी, की नियमाचं पुस्तक म्हणजे तिथलं कोर्टच. ज्याच्या हाती पुस्तक, त्याचा शब्द शेवटचा.

पण ह्यांना पुस्तक लागत नसे. पुस्तकं इंग्रजीत, ह्यांचं इंग्रजी तिकिटापुरतं. मुलगा फोनवर वाचून दाखवायचा, हे एकदा ऐकायचे, आणि संपलं. तीसेक खेळांचे नियम ह्यांना तोंडपाठ होते. नवीन माणूस दारात दिसला की हे उठायचे, "या, पुढं सरका, पुढं जागा हाये," असं अगदी गाडीतल्या सवयीनं म्हणायचे आणि त्याला टेबलाशी बसवून खेळ शिकवायचे. स्वतः खेळायचे कमी. शिकवण्यातच ह्यांचा जीव. मेळाव्यातल्या ह्यांच्या त्या जागेबद्दलच मला सांगायचं आहे, कारण ती जागा माझ्यामुळे गेली.

ह्यांचा सगळ्यात आवडता खेळ बाजाराचा. मूळ खेळात समुद्र, बंदरं आणि जहाजं होती. ह्यांनी बंदरांच्या नावांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, मेहकर, डोणगाव, सुलतानपूर, लोणार, साखरखेर्डा. जहाजांच्या झाल्या गाड्या. गाडीत माल भरायचा आणि गावोगाव पोहोचवायचा; ज्याचा माल जास्त गावांना पोहोचला तो जिंकला. मालावर एक तपकिरी पत्ता ठेवता येतो, त्याला हे ताडपत्री म्हणायचे. ताडपत्री घातली की गाडी हळू चालते. पण ढगाचा पत्ता निघाला तर उघड्यावरचा माल जातो आणि ताडपत्रीखालचा वाचतो. सगळा खेळ एवढ्यावरच. घाई करायची की झाकून न्यायचं.

या खेळात मी नऊ वर्षांत एकदाही जिंकले नाही. "हिले गणित येते, डाव येत नाही," हे चारचौघांत सांगायचे आणि लोक हसायचे. मीही हसायचे. पण खरं सांगते, ते मला लागायचं.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ह्यांचं काहीतरी बिघडतंय हे माझ्या लक्षात आलं. एकाच सकाळी दोनदा भाजी आणली, दोन्ही वेळा दोडकेच. मी ओरडले. मग एके दिवशी लोणारला जायचं म्हणून स्टँडवर गेले आणि चिखलीच्या गाडीत बसले. ज्या माणसानं तीस वर्षं त्या स्टँडवरून घंटी मारली, तो चुकीच्या गाडीत बसला. ओळखीच्या कंडक्टरनं उतरवून घेतलं आणि मला फोन केला. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, ह्यांना बाहेर बसवलं आणि मला नीट समजावून सांगितलं. हा आजार मागे फिरत नाही. जे जमतंय ते करू द्या. चुकलं तर चुकू द्या, चारचौघांत टोकू नका. मी मान हलवली. तीस वर्षं मी पोरांच्या वह्या तपासल्या. चूक दिसली की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. डॉक्टरांसमोर मान हलवायला काय लागतं.

त्या दिवाळीत मेळावा झाला. मी मनाशी ठरवलं होतं की ह्यांच्याजवळच बसायचं, म्हणजे काही अडलं तर सांभाळून घेता येईल. पहिला दिवस चांगला गेला. हे थोडे अडखळले, पण लोकांना कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साखरखेर्ड्याचं एक शेतकरी जोडपं आलं, सोबत त्यांची कॉलेजातली मुलगी. तिघंही पहिल्यांदाच आलेले. ह्यांनी बाजाराचा खेळ मांडला आणि चौथी म्हणून मला बसवलं. नियम अगदी बरोबर सांगितले. ताडपत्रीचा तर इतका सुरेख सांगितला की त्या शेतकरी दादांनी लगेच आपल्या सोयाबीनची गोष्ट काढली.

डाव रंगला, आणि काय झालं कोण जाणे, त्या दिवशी मला डाव येऊ लागला. मी झाकून झाकून माल नेत होते. बाकीचे घाईत. माझ्या गाडीत ताडपत्रीखाली सहा ठोकळे होते आणि एकच गाव उरलं होतं. मी जिंकणार होते. नऊ वर्षांनी. मी ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा, बघा म्हणून.

ढगाचा पत्ता निघाला. ह्यांनी तो वर धरला, सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "ढग आला. ताडपत्रीवाल्यायचा माल गेला, उघड्यावाल्यायचा राह्यला." आणि हात पुढे करून माझ्या गाडीतले सहाही ठोकळे उचलले.

"असं नाही," मी म्हटलं.

"असंच हाये."

"अहो, तुम्हीच सकाळी सांगितलं. ताडपत्रीखालचा माल भिजत नाही."

"मले शिकवतं काय तू? नऊ वर्सं झाले मी सांगून राह्यलो."

मला गप्प बसता आलं असतं. मला सगळं माहीत होतं. डॉक्टरांचं बोलणं कानात होतं. पण माझे सहा ठोकळे ह्यांच्या मुठीत होते, आणि त्या क्षणी मला आजार दिसला नाही, ठोकळे दिसले. एका आजारी माणसाला हरवायला निघाले होते मी, आणि तेही लाकडाच्या तुकड्यांसाठी. मी खोक्यातून पुस्तक काढलं. मुलानं त्यात मराठी भाषांतराचे कागद डकवून दिले होते. पान शोधलं, बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं. घरी आम्ही वऱ्हाडीच बोलतो. पण तेव्हा माझ्या तोंडात वर्गातली भाषा आली, शुद्ध, खडूसारखी कोरडी. "झाकलेल्या मालावर ढगाचा परिणाम होत नाही." वाचून पुस्तक फिरवलं आणि ह्यांच्यापुढे धरलं.

आजूबाजूची दोन टेबलं थांबली होती. लोणारचे ते हात बांधणारे गृहस्थ नेमके मागेच उभे होते. ह्यांनी चष्मा वर केला आणि कागद बराच वेळ वाचला. मग मुठीतले ठोकळे एक एक करून माझ्या गाडीत परत ठेवले. "बरोबर हाये हिचं," म्हणाले. आणि मग त्या तिघांकडे बघून, खरोखरच त्यांना विचारावं तसं विचारलं, "मंग मी आतालोक काय सांगून राह्यलो होतो?"

ती साखरखेर्ड्याची बाई म्हणाली, "चालते ना काका. आपून तुमच्याच नियमानं खेळू. खेळच तं हाये." तिला कोणी डॉक्टरानं बोलावून समजावलं नव्हतं. तिला दिसत होतं ते मला दिसायला हवं होतं. आणि त्यावरही मी म्हटलं, "नाही हो, नियम म्हणजे नियम."

मी जिंकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनीही वाजवल्या.

घरी येताना मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. हे म्हणाले, "काऊन एवढं मनाले लावून घेतं? बरोबरच बोलली तू." रागावले असते तर बरं झालं असतं. आयुष्यभर आमची भांडणं झाली, ताटं आपटली, आणि दुसऱ्या दिवशी चहाबरोबर मिटली. या वेळी मिटवायला भांडणच नव्हतं.

त्यानंतर ह्यांनी कोणाला खेळ शिकवला नाही. घरी कोणी आलं, खोकं मागितलं, तर काढून द्यायचे आणि म्हणायचे, "नियम हिले इचारा." तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी सहन केलं असतं. पण हळूहळू मला कळलं की हे आता काहीही बोलण्याआधी माझ्या तोंडाकडे बघतात. पाहुण्यांना सांगायचं असतं की मुलगा पुण्याला आहे. 'मुलगा' म्हणतात, माझ्याकडे बघतात, मी मान हलवली की 'पुन्याले' म्हणतात. दूधवाल्याला 'अर्धा लिटर' सांगायच्या आधी बघतात. आज वार कोणता म्हणण्याआधी बघतात. मी घरात नसले की मात्र चांगले बोलतात. शेजारीण म्हणाली, "काका तं आज तासभर गप्पा मारून राह्यले होते, तुमच्या लग्नाच्या वरातीची गोष्ट सांगितली." मी म्हटलं, काय सांगितलं? तिनं सांगितलं. सगळी चुकीची होती, आमच्या वरातीत घोडा नव्हताच. पण तासभर बोलले होते.

मग मी ठरवलं की आता सगळ्याला बरोबर म्हणायचं. गुरुवारी मंगळवार म्हणाले, मी म्हटलं हो. वारलेल्या काकांना भेटायला जायचं म्हणाले, मी म्हटलं जाऊ उद्या. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण माझी गेली. जिभेवर ताबा यायला मला एकसष्ट वर्षं लागली आणि ज्या दिवशी हवा होता त्यानंतर आला.

यंदा मेळाव्याची सगळी व्यवस्था बँकेत नोकरी करणारी लोणारची एक मुलगी बघते. ह्यांनीच तिला एकेकाळी पहिला खेळ शिकवला होता. ती घरी आली आणि म्हणाली, "काकू, काकाले आनाच. त्यायच्याबिगर मजा नाही." मी तिला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं, आणि म्हटलं, मी आणते, पण आत येणार नाही. तू त्यांच्याजवळ बस. ते जो सांगतील तो नियम. तिचे डोळे भरले. "एवढं तं आम्ही करतोच," ती म्हणाली.

ह्यांना दारापर्यंत सोडलं आणि मी मागच्या बाजूनं भटारखान्यात गेले. तिथं दोन बाया चहा करत होत्या. भटारखान्यातून हॉलमध्ये ताटं द्यायची एक खिडकी आहे. तिच्याखाली पाट टाकून मी भिंतीला टेकून बसले, आतून दिसणार नाही अशी. आधी नुसताच गलका. मग अर्ध्या तासानं ह्यांचा आवाज ऐकू आला. "या, पुढं सरका, पुढं जागा हाये."

एक वर्ष मी तो आवाज ऐकला नव्हता. त्या मुलीनं एक नवीन कुटुंब ह्यांच्यापुढे बसवलं होतं आणि हे शिकवत होते. काय शिकवत होते ते देवालाच ठाऊक. तीन-चार खेळांचे नियम एकात मिसळले होते. गाडी सुलतानपूरला न थांबता थेट लोणारच्या तळ्यात उतरत होती, तिथं एक राजा होता, त्याला पत्ता दिला की तो दोन ठोकळे द्यायचा. मध्येच तिकीट फाडायचं होतं. लोक हसत होते, प्रश्न विचारत होते, आणि हे प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होते, एका क्षणाचाही विचार न करता. खेळ चाललाही. कोणाचा तरी माल गेला, कोणीतरी ओरडलं, हे मोठ्यानं हसले. मला रडू आलं. चहावाली बाई म्हणाली, "काय झालं बाई?" मी म्हटलं, काही नाही, माझा नवरा आहे तो.

तासभर मी तशीच बसले. तेवढ्यावर उठून घरी जायला हवं होतं. पण मला ह्यांचा चेहरा बघायचा होता. नुसता आवाज पुरेना. चहाचा ट्रे खिडकीत ठेवायच्या निमित्तानं मी उभी राहिले आणि बघितलं.

हे उभे होते, हातात एक लाल गाडी, चेहरा हसरा. काहीतरी सांगत होते. नजर फिरली आणि माझ्यावर आली. वाक्य तिथंच थांबलं.

"बरोबर हाये ना?" ह्यांनी मला विचारलं. टेबलावरची सगळी माणसं माझ्याकडे वळली.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"सारंच?"

"सगळं बरोबर आहे."

हे माझ्याकडे बघत राहिले. इतकं नीट ह्यांनी माझ्याकडे कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. मग त्या लोकांकडे वळून, कसलाही राग नसलेल्या आवाजात म्हणाले, "ही माही बायको. मास्तरीन होती. पह्यले लई चुका काढे माह्या. आता एकबी काढत नाही." हातातली गाडी पटावर ठेवली. "म्हनजे लईच चुकत असन मी."

आणि खुर्चीवर बसले. बँकेतली मुलगी काहीतरी म्हणाली, ह्यांनी नुसती मान हलवली. ते नवीन लोक आपल्या सोंगट्या हातात धरून थांबले होते, पुढे काय करायचं ते त्यांना कळेना. मी आत गेले, ह्यांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि त्यांना पहिल्यापासून खरे नियम सांगितले. ह्यांनीही सगळ्यांबरोबर ऐकले.